बहिष्कार, आणि दादाचे जुने सामने

घरातले मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी माल तपासायचं काम करतो, आणि समोर आलेल्या नगावर ज्याचा पटकन विश्वास बसतो त्याला आमच्या खात्यात कुणी उभं करत नाही. मशीनवरून नग येतो, चकचकीत असतो, ऑपरेटर छातीठोकपणे सांगतो, "साहेब, एकदम ओके." मी मान डोलावतो आणि गेज लावतो. गेज म्हणजे मापाचा साचा. नग त्यात बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. ऑपरेटर कितीही जुना असो, माझ्या गावचा असो, माप घेतल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. ह्यातच केस पिकले माझे.

असा माणूस संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो आणि कॉम्प्युटरपुढे बसून गेम खेळतो, हे कळलं की लोकांना हसू आवरत नाही. हसा खुशाल. माझ्या वयाचे आमच्या सोसायटीतले लोक खाली बाकावर बसून दुसऱ्यांच्या सुनांचा उद्धार करतात, त्यापेक्षा हे बरं. गेम तसा साधा होता. एक गड असायचा. चार जणांची एक टोळी तो राखायची, दुसरी चार जणांची टोळी तो घ्यायला यायची. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि चौघं आपापल्या घरून एकमेकांशी बोलत लढायचे.

आमच्या टोळीची कॅप्टन एक बाई होती. नाशिकरोडकडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात नोकरी करायची; आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. दिवसभर मुलांना "हळू बोला" सांगून आलेली ही बाई संध्याकाळी माईकवर असली कडाडायची की माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काय हो, कुणी तुम्हाला रागावतंय का?" दुसरा होता घोटीचा, भाताच्या गिरणीवर बसणारा, पोटात काही न ठेवणारा माणूस. त्याला आम्ही घोटीकर म्हणायचो. तिसरा मी. आणि चौथा माझा सख्खा मोठा भाऊ.

हा गेम चालवणाऱ्या कंपनीचा मला पहिल्यापासून संशय. ती कुठल्या देशातली, मालक कोण, कशाचा पत्ता नाही. सणासुदीला गेममध्ये फुकट भेट आली की बाकीचे खूश व्हायचे आणि मी आधी शोधायचो की ह्यांनी आपलं काय काढून नेलं. आणि नेलेलं असायचंच! एकदा मी रीतसर विकत घेतलेला घोडा एका अपडेटनंतर गायब झाला. तक्रार केली. उत्तर आलं, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." अरे, मोलाचा आहे तर घोडा दे ना परत! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. ताई म्हणाली, "सोडा हो, पायी लढा." मी पायी लढलो. पण कंपनीवर माझा डोळा होता.

आता दादाचं सांगतो, कारण खरा जीव माझा तिथंच अडकलेला होता. दादा सटाण्याला असतो. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. आमचे बाबा गेले तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. बाबांचं शेवटचं आजारपण त्यानं मला कळवलंच नाही. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. दादा म्हणाला, "बाबाच नको म्हणाले. त्याला कशाला हेलपाटा, मी बरा होतोय, असं म्हणत होते." मी चार लोकांदेखत म्हणालो, "खोटं बोलतोस तू." बस. त्यानंतर घरात तो राहिला, मी नाशिकला, आणि कुठंतरी पाणी मुरतंय हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुरावा माझ्याकडे काही नव्हता. पण बाबांनी मला बोलावू नका म्हणावं, हे मला पटतच नव्हतं.

टोळी मात्र त्याच्या आधीपासूनची. भांडणानंतर ती त्यानं सोडली नाही, मी सोडली नाही. एकमेकांशी बोलायचं नाही, पण गड तर राखायचा, मग "डावीकडून ये", "थांब", "आता मार" एवढं बोलायचं. घरात आमची भाषा अहिराणी. भांडण झाल्यापासून दादा माझ्याशी शुद्ध मराठी बोलायला लागला, अगदी गिऱ्हाइकाशी बोलतो तशी. पण खेळ रंगात आला आणि माझ्या पाठीमागून कुणी आलं, की त्याच्या तोंडून निघायचंच, "मांगे शे, मांगे!" मागे आहे, मागे. तेवढ्यापुरता तो माझा पहिला दादा असायचा. ते ऐकायला मी रोज बसत होतो. बायकोला मी हे कधी बोललो नाही, पण ती काय दुधखुळी आहे? "तुम्हा भावांचं बोलणं फक्त गोळीबारात," ती म्हणायची. "तेही बंद पडलं की मग काय कराल?"

आणि ते बंद पडलं. एका संध्याकाळी आम्ही तिघं आलो आणि दादाचं नाव करडं पडलेलं. त्याखाली कंपनीचा शेरा होता की ह्या खेळाडूनं बंदी असलेला प्रोग्राम वापरून फसवणूक केली, सबब खातं कायमचं बंद. कुठला प्रोग्राम, कुठल्या सामन्यात, कुणी पाहिलं, काही नाही. दादानं आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, "मी काही केलेलं नाही." मला उद्देशून नव्हे, सगळ्यांना.

ताई भडकली. तिनं कंपनीला असं पत्र लिहिलं की एखाद्याला घाम फुटला असता. त्याला उत्तर आलं, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." ताईनं ते ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "रविवारी सकाळी गंगापूर रोड. मिसळ. सगळ्यांनी यायचं."

नाशिकच्या दोन-तीन टोळ्यांतलेही काही जण आले होते. त्यांचीही कसली ना कसली तक्रार होतीच. कुणाचा घोडा, कुणाची तलवार. दादा आला नव्हता, दुकान होतं. रस्सा यायच्या आत ताईनं विषय काढला. दादाचं खातं परत मिळेपर्यंत नाशिकमधल्या कुणीही गेममध्ये पाय ठेवायचा नाही. बहिष्कार.

घोटीकर पाव मोडता मोडता म्हणाला, "ताई, रागवू नका, पण आपण नाय खेळलो तर त्या कंपनीचं काय वाकडं व्हनार हाय? तिथं जगभराची माणसं खेळत्यात. आपण गेलेलं त्यांना कळनार बी नाय."

इंदिरानगरकडचा एक तरुण म्हणाला, "आणि वाईट वागली कंपनी. गेम चांगलाच आहे की. गेम सोडला तर शिक्षा आपल्यालाच." ह्या बोलण्यात तथ्य होतं. मला स्वतःला संध्याकाळी दुसरं काय करायचं हे माहीत नव्हतं.

ताईनं चमचा खाली ठेवला. "कंपनीचं वाकडं होईल नाही तर नाही होणार. उद्या तुमचं नाव करडं झालं तर आपल्यासाठी कुणी उठावं असं वाटेल की नाही? मग झालं तर. आपला माणूस म्हणतो मी केलं नाही. आपण त्याच्या बाजूनं आहोत की नाही, एवढंच सांगा."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. आमच्याकडेही एखादा सप्लायर सारखा खराब माल पाठवायला लागला की आम्ही त्याला बंद करतो. त्यामुळे बहिष्कार ह्या गोष्टीला माझा विरोध असायचं कारण नव्हतं. पण आधी माल खराब आहे की नाही हे आम्ही तपासतो. इथं तपासलं कुणी? दादा म्हणाला, ताईनं मानलं. ताई मला म्हणाली, "तुमचा तर सख्खा भाऊ. तुम्हाला किती लागलं असेल!" मी "हो ना" म्हणालो आणि तर्री वाढून घेतली.

घरी येताना स्कूटरवर माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. दादाचं काम काय? मोबाइल उघडायचे, कॉम्प्युटर उघडायचे. कुठलाही प्रोग्राम कसा सोलायचा हे त्यानं पूर्वी मलाच दाखवलं होतं, फुशारकीनं. आणि गेल्या काही दिवसांत त्याचा नेम जरा जास्तच सुधारला होता. एका सामन्यात त्यानं भिंतीआडचा माणूस टिपला होता. भिंतीआडचा! तेव्हा आम्ही सगळे "वा दादा, वा दादा" करत नाचलो होतो. आता मला वाटायला लागलं, आडून दिसलं कसं ह्याला? असे प्रोग्राम असतात म्हणे, भिंतीपलीकडचं दाखवणारे.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण मन लबाड असतं. दादा इथं खोटा निघाला, तर तो तिथंही, अंगणातही, खोटाच होता. मग इतकी वर्षं मी जे धरून बसलो ते बरोबर होतं. खरं सांगतो, मला तो चोर निघायला हवा होता. ज्या कंपनीचं मी एक अक्षर खरं मानत नव्हतो, तिचा हा एवढा शेरा मात्र मला खरा ठरावासा वाटत होता. स्वतःची लाज वाटली का? वाटली. पण म्हणून डोकं थांबत नाही.

गेममध्ये जुन्या सामन्यांची एक खोली असते. टोळीनं खेळलेले सामने तिथं साठवलेले असतात; कुणाचाही सामना त्याच्या नजरेतून पुन्हा बघता येतो, त्याला काय दिसत होतं, त्यानं बंदूक कुठं वळवली, सगळं. म्हणजे दादानं काही केलं असेल तर ते तिथं सापडणार. पण त्या खोलीत जायचं तर गेममध्ये शिरावं लागणार. मी स्वतःशी म्हणालो, आपण खेळणार थोडेच आहोत? खेळलो नाही म्हणजे बहिष्कार मोडला नाही. हे मला त्या वेळी अगदी कायदेशीर वाटलं.

माझी साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असते, रविवारी मी दुपारपाळीला जातो. त्या दुपारी बायको भिशीला गेली आणि मी शिरलो. भिंतीआडचा सामना काढला. दादाच्या नजरेतून बघायला लागलो. दादा पायऱ्यांशी उभा, समोर भिंत, भिंतीवर काहीच दिसत नाही. आणि एकदम त्या भिंतीवर पिवळी खूण उमटली. टोळीतला कुणीही अशी खूण करू शकतो, "शत्रू इथं आहे" सांगायला. खुणेखाली करणाऱ्याचं नाव येतं. नाव माझं होतं. मी बुरुजावर होतो, मला वरून तो माणूस दिसला होता आणि मीच खूण केली होती. मी साफ विसरलो होतो. दादानं डोकावून पाहिलं नाही, वाट पाहिली नाही, खूण दिसली त्या क्षणी भिंतीच्या कडेला बंदूक लावून गोळी झाडली. माझी खूण होती म्हणून.

इथं एखाद्या बऱ्या माणसानं कॉम्प्युटर बंद करून सटाण्याला फोन लावला असता. मी काय केलं? मी म्हणालो, एका नगावरून अख्खा लॉट पास होत नसतो. आणि दुसरा सामना काढला. मग तिसरा. पुढच्या सुट्टीची वाटसुद्धा पाहिली नाही, रोज संध्याकाळी बसायला लागलो. त्याच्या प्रत्येक चांगल्या गोळीला मी गेज लावत होतो आणि प्रत्येक वेळी ती बसत होती. कधी पावलांचा आवाज होता, कधी ताईनं ओरडून सांगितलेलं होतं, कधी चक्क नशीब. कुठंच काही वावगं नाही. आणि माझी निराशा वाढत होती. भावाचा निर्दोषपणा बघून चिडलेला माणूस पाहिलाय कुणी? मी आरशात पाहिला.

इकडे ग्रुपवर वेगळंच सुरू झालं होतं. इंदिरानगरच्या पोरानं लिहिलं, "बहिष्कार म्हणता आणि लोक ऑनलाइन दिसतात." ताईनं विचारलं, "तुला कसं दिसलं?" त्यानं तो मेसेजच पुसून टाकला. मग दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं, तिसऱ्यानं चौथ्याचं. कुणाचाच कुणावर भरवसा उरला नाही. एकमेकांना "ताई", "भाऊ" म्हणणारी माणसं टोमणे मारायला लागली. शेवटी ताईनं पुन्हा रविवार ठरवला, तीच जागा, आणि ह्या वेळी लिहिलं, "दादा सटाण्याहून स्वतः येणार आहेत. निदान त्यांच्यासमोर तरी नीट वागा."

दादा आला. सकाळच्या बसनं आला, वहिनीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन. एक पिशवी ताईला, एक घोटीकराला. केस पार पांढरे झाले होते त्याचे. माईकवर केस दिसत नाहीत. मग तो माझ्याकडे वळला, तिसरी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काय, बरा शे ना?"

अहिराणीत! गड नाही, गोळीबार नाही, मागून कुणी येत नाही, आणि दादा माझ्याशी आपल्या बोलीत बोलला. मी नुसती मान हलवली. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच बोलीत हळूच म्हणाला की ताईंनी त्याला सांगितलंय, सगळ्यात आधी हात मी वर केला. सगळ्यात आधी काही केला नव्हता मी. ताईनं आपल्या मनानं घातलेली भर होती ती. मी ती दुरुस्त केली नाही. खरंच सांगतो, त्या मिसळीच्या टेबलाशी मला वाटलं, देवा, त्या कंपनीचं भलं कर, तिनं आम्हाला एका बाकावर आणलं.

तेवढ्यात ताईनं चौकशी उघडली. "कोण कोण गेममध्ये जाऊन आलं, आत्ता बोला. मी कुणाला खाणार नाही."

सगळे रश्श्यात फरसाण बुडवून बघत बसले. शेवटी घोटीकराला राहवलं नाही. "ताई, मी गेलो व्हतो. पण खेळाया नाय! कोन कोन मोडतंय ते बघाया गेलो व्हतो."

"मीपण," इंदिरानगरचा म्हणाला. "मीही तेच बघायला."

मग एकेकाचं तोंड उघडलं. जो तो बहिष्कार मोडणाऱ्यांना पकडायला म्हणूनच आत गेला होता! तिथं जाऊन नावांपुढचे हिरवे ठिपके मोजत बसला होता, आणि त्याचा स्वतःचा हिरवा ठिपका दुसरा मोजत होता. ताई आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग हसायलाच लागली. "म्हणजे आपण खेळत होतो तेव्हासुद्धा इतकी माणसं एका वेळी आली नसतील!" सगळे हसले. दादाही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसत होतो.

आणि हसता हसता घोटीकर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आन् ह्ये भाऊ! लय चिकाटीचा मानूस. मी कवाबी जावं, ह्ये आपले जुन्या सामन्यांच्या खोलीत ठाण मांडून. नावाखाली लिवलेलं येतं ना, दादांचा सामना पाहत आहेत. रोज वेगळा सामना, पण दादांचाच!"

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला ते भावाचं प्रेम वाटलं असणार. ताईचं हसू तेवढं थांबलं. ती वाचणारी बाई, तिला लगेच कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग दादाकडे बघायचं टाळलं.

दादानं विचारलं, "कशासाठी बघत होतास?" मराठीत. शुद्ध.

"तुझ्या बाजूनं पुरावा गोळा करत होतो," मी म्हणालो. माझ्या खात्यात इतकी वर्षं मी लोकांची असली उत्तरं ऐकली आहेत. मालात खोट असली की ऑपरेटर असाच घाईनं बोलतो.

"सापडलं काही?"

"नाही. काहीच नाही सापडलं. तू अगदी..." मी अडखळलो. "तू स्वच्छ आहेस."

"म्हणजे शोधलंस," दादा म्हणाला.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो आणि निदान भांडण तरी झालं असतं. त्यानं मिसळ संपवली, पाव पुसून खाल्ला, ताईला म्हणाला, "फार केलंत माझ्यासाठी, येतो," आणि उठला. मी बस स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. "रिक्षा आहे," तो म्हणाला. खरंच समोर रिक्षा होती.

पुढची गंमत अशी की थोड्याच दिवसांनी कंपनीनं दादाचं खातं उघडलं. निरोप आला, "तांत्रिक त्रुटीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." सोबत सोनेरी चिलखत भेट. ग्रुपवर जल्लोष उसळला. जिंकलो, नाशिकनं कंपनीला वाकवलं, वगैरे. मला नाही तसं वाटत. त्याच आठवड्यात कंपनीनं सगळ्या खेळाडूंच्या वाढत्या प्रेमाबद्दल आभार मानले होते, आणि त्या प्रेमात आम्हा पहारेकऱ्यांचे हिरवे ठिपकेही धरले असणार. मग खातं का उघडलं? ताईच्या पत्रानं? की बंद करताना जसं कुणी पाहिलं नव्हतं तसंच उघडतानाही कुणी पाहिलं नाही? मला अजून कळलेलं नाही, आणि कंपनी सांगणार नाही. मी ताईला म्हणालो, कायमचंच सोडू या, अशा लोकांचा काय भरवसा. ताई म्हणाली, "तुमच्या तोंडी भरवसा शब्द नको आता." वर हसलीही नाही.

बाकीचे सगळे परत गेले. मीही जाऊन बसलो, टोळीच्या खोलीत, दादाची वाट बघत. माझी खात्री होती की दादा येणार नाही. ज्या कंपनीनं आपल्याला जगापुढे चोर ठरवलं तिच्या दारात स्वाभिमानी माणूस पुन्हा जाईल कशाला? आणि तो तर आमच्या घरातला सगळ्यात ताठ. तो नाही आला तर मी समजू शकलो असतो. तो कंपनीवर रुसला आहे, असं धरून चाललो असतो.

दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. सोनेरी चिलखत अंगात. पण आमच्या टोळीत नाही. सटाण्याशेजारच्या देवळ्याकडची कुठली तरी टोळी होती, तिच्यात तो गेला होता. मी बोलावणं पाठवलं. नाकारलं. दुसऱ्या दिवशी पाठवलं. नाकारलं. घोटीकरानं पाठवलं तर त्याच्याबरोबर तो एक सामना खेळून गेला. मी त्या वेळी कामावर होतो. बायको म्हणाली, "फोन करा की सरळ. तोंड आहे ना?" तिनंच नंबर लावून माझ्या हातात दिला.

दादानं उचलला. मी क्षमा मागायला लावला होता, देवाशपथ. पण माझा मेला स्वभाव, तोंडून निघालं ते असं, "दादा, त्या कंपनीनं तुला चोर म्हटलं, धड माफीसुद्धा मागितली नाही, आणि तिच्याकडे तू परत गेलास. मग माझ्यावरच का बहिष्कार?"

पलीकडे दुकानातला पंखा चालू होता, तो ऐकू येत होता. कुणी गिऱ्हाईक काही विचारत होतं, त्याला त्यानं थांबायला सांगितलं.

"कंपनी मला ओळखत नव्हती," दादा म्हणाला. "तू ओळखत होतास."